एकशेआठ कधी, एकशेदोन कधी?

खान्देशातल्या ग्रामीण रुग्णालयाच्या आवारात बहुतेक वेळा दोन पांढऱ्या गाड्या शेजारी शेजारी उभ्या असतात. दोन्ही सरकारी, दोन्हींचा पैसा लागत नाही, दोन्हींवर रुग्णवाहिका असंच लिहिलेलं. फरक फक्त आकड्याचा: एकीवर १०८, दुसरीवर १०२. गावात कुणाला विचारा, "कोणताही लावा, गाडी येतेच" असं उत्तर मिळतं. पण गाडी तशी येत नाही. अपघाताच्या जागेवरून १०२ ला फोन गेला, तर पलीकडचा माणूस १०८ लावायला सांगतो. बाळंतिणीला घरी सोडायला १०८ मागितली, तर नकार येतो. पहिल्या प्रकारात हातची मिनिटं जातात, दुसऱ्यात गरिबाच्या खिशातून जीपचं भाडं जातं. दोन्ही गोष्टी टाळता येण्यासारख्या आहेत, म्हणून हे जरा सविस्तर लिहितो.

एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. १०८ वाले विचारतात, झालं काय? १०२ वाले विचारतात, रुग्ण कोण? जीव धोक्यात असेल, तर माणूस कोणत्याही वयाचा असो, गावचा असो की परगावचा, १०८ त्याची आहे. १०२ मात्र ठरावीक लोकांसाठी आहे: गरोदर बाई, बाळंतीण आणि वर्षाच्या आतलं आजारी बाळ.

आधी १०८ बघू. महाराष्ट्रात ही सेवा २६ जानेवारी २०१४ ला सुरू झाली, तेव्हा राज्यभरात ९३७ गाड्या होत्या. त्यातल्या २३३ मोठ्या सोयीच्या, म्हणजे व्हेंटिलेटर आणि हृदयाला शॉक देण्याचं यंत्र असलेल्या. उरलेल्या ७०४ साध्या, त्यांत ऑक्सिजन, स्ट्रेचर, घशातला स्राव ओढण्याचं यंत्र आणि प्राथमिक औषधं. पण डॉक्टर दोन्ही प्रकारच्या गाड्यांमध्ये नेमलेला. माझ्या मते १०८ चं खरं मोल इथे आहे. छातीत दुखणाऱ्या माणसाला दवाखान्यापर्यंतचे चाळीस किलोमीटर ओळखीच्या जीपमध्ये काढावे लागणं आणि ऑक्सिजन लावून, नाडी बघणारा माणूस शेजारी बसवून काढणं, यात फार अंतर आहे. चाळीसगावजवळच्या कन्नड घाटातला अपघात असो किंवा चोपड्याच्या शेतात औषध फवारताना चक्कर येऊन पडलेला मजूर, गाडी पोहोचली की उपचार तिथेच सुरू होतात.

हा फोन तुमच्या तालुक्यात वाजत नाही, पुण्यातल्या नियंत्रण केंद्रात वाजतो. खान्देशातली निम्मी गडबड इथेच होते. फोन उचलणाऱ्याला तुमचा फाटा, तुमचा मारुतीचा पार, तुमच्या सरपंचाचं नाव, काहीच माहीत नसतं. घाबरलेला माणूस बोलतो तेही मायबोलीत. "दादा, मन्हा पोऱ्याले साप चावना, गाडी धाडा!" कुठून बोलताय? "सावखेड्याहून." आता एकट्या जळगाव जिल्ह्यात सावखेडा नावाची एकापेक्षा जास्त गावं आहेत, वेगवेगळ्या तालुक्यांत. पिंपळगाव म्हणाल तर पाचोऱ्याचं पिंपळगाव हरेश्वर की निफाडचं पिंपळगाव बसवंत, हे पुण्याला कसं कळावं? म्हणून वरून खाली सांगत यायचं. आधी जिल्हा, मग तालुका, मग गाव, मग वस्ती किंवा शिवार, आणि शेवटी जवळची मोठी खूण: जिनिंग, केळीचं पॅकहाऊस, पाण्याची टाकी, शाळा. त्यानंतर रुग्णाचं वय, काय झालं, श्वास चालू आहे का, शुद्धीवर आहे का. एवढं सांगायला मिनिटभर लागतं आणि या मिनिटात घाई करून काही वाचत नाही.

फोन झाला की तो मोकळा ठेवा. गाडीतून रस्ता विचारायला त्याच नंबरवर फोन येतो आणि नेमका तेव्हाच आपण मुंबईच्या मेहुण्याला बातमी सांगत असतो. एका पोराला बॅटरी देऊन फाट्यावर उभं करा. गावात शिरायच्या वाटेवर ट्रॅक्टर-ट्रॉली आडवी असेल तर ती आधी काढा.

सीमेवरच्या लोकांसाठी आणखी एक. शिरपूरच्या उत्तरेला पळासनेर, किंवा रावेर, यावल, चोपड्याच्या सातपुड्याकडच्या गावांत मोबाइल कधी मध्य प्रदेशाचा टॉवर पकडतो. तिकडेही १०८ आहेच, पण ती त्या राज्याची वेगळी सेवा. पलीकडचा माणूस हिंदीत बोलू लागला आणि त्याला तुमचा तालुका सापडेना, तर वाद घालू नका. "महाराष्ट्र, धुळे जिल्हा" किंवा "महाराष्ट्र, जळगाव जिल्हा" असं स्पष्ट सांगा, नाहीतर दुसऱ्या कंपनीच्या सिमवरून पुन्हा लावा. हे मुद्दाम सांगतो, कारण मुंबई-आग्रा महामार्गाचा हा पट्टा साधा नाही. जुलै २०२३ मध्ये याच पळासनेरला भरधाव कंटेनर गाड्यांना धडकत थेट हॉटेलात शिरला होता. अशा वेळी एक गाडी पुरत नाही. जखमी अंदाजे किती, हे पहिल्याच फोनमध्ये सांगितलं तर दोन-तीन गाड्या एकदम निघू शकतात.

१०८ काय करत नाही, तेही माहीत हवं. सुट्टी मिळालेल्या रुग्णाला ती घरी सोडत नाही. मृतदेह नेत नाही, त्यासाठी शववाहिका वेगळी असते. तपासणीच्या तारखेला सिव्हिलला न्यायला ती मागवू नये. ती नेणार जवळच्या, त्या आजाराला योग्य अशा दवाखान्यात, आणि तो बहुधा सरकारी असतो. तिथून पुढे पाठवायचं ठरलं, म्हणजे ग्रामीण रुग्णालयातून जळगावच्या किंवा धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, तर तिथले डॉक्टर गाडी मागवतात.

आता १०२. तिच्यामागे जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम आहे, देशभर जून २०११ पासून लागू झालेला. सरकारी दवाखान्यात होणाऱ्या बाळंतपणाचा एक रुपयाही घरच्यांना पडू नये, हा त्याचा गाभा. औषधं, तपासण्या, लागलं तर रक्त, आईचं जेवण (साध्या बाळंतपणात तीन दिवस, सिझर असेल तर सात दिवस) आणि प्रवास, सगळं मोफत. हा प्रवास तीन टप्प्यांचा. घरून दवाखान्यात आणणं, गरज पडली तर एका दवाखान्यातून दुसऱ्या मोठ्या दवाखान्यात नेणं, आणि आई-बाळाला परत घरी सोडणं. आजारी नवजात बाळासाठी सुरुवातीला जन्मापासून तीस दिवसांपर्यंतची मर्यादा होती, ती पुढे वर्षापर्यंत वाढवली.

यातला तिसरा टप्पा लोकांना माहीतच नसतो, आणि मला सगळ्यात जास्त खटकतं ते हेच. दोन-तीन दिवसांची बाळंतीण, मांडीवर पोर, सोबत सासू आणि कपड्यांचं बोचकं, अशी मंडळी दवाखान्याच्या फाटकाबाहेर काळीपिवळीची वाट बघत उभी दिसतात. मे महिन्यातलं जळगाव-भुसावळचं ऊन बाराच्या आत चाळिशी पार करतं. त्या उन्हात कोंबलेल्या जीपमधून ओली बाळंतीण गावी जाते, आणि तिची हक्काची गाडी आवारात उभी असते. तेव्हा दवाखान्यातून सुट्टी मिळेल त्या दिवशी सकाळीच वॉर्डातल्या सिस्टरला सांगा, "आम्हाला घरी सोडायला एकशेदोन पाहिजे." चालकाला डिझेलचे म्हणून पैसे द्यायचे नाहीत. कुणी मागितले तर तिथल्या वैद्यकीय अधिकाऱ्याच्या कानावर घाला, तिथे दाद लागली नाही तर तालुका आरोग्य अधिकाऱ्याकडे जा.

१०२ ची गाडी साधारण प्राथमिक आरोग्य केंद्राला किंवा ग्रामीण रुग्णालयाला जोडलेली असते आणि तिचा कारभार जिल्ह्यातूनच चालतो. म्हणून इथे पत्ता समजावण्याचा त्रास कमी. तुमचं गाव त्या चालकाच्या पायाखालचं असतं. आशाताईकडे केंद्राचा आणि बहुधा चालकाचाही नंबर असतो आणि गावात निम्म्या गाड्या तिच्याच एका फोनवर येतात. पण या गाडीत डॉक्टर असेलच असं नाही. चालक आणि सोबत आशाताई किंवा सिस्टर, एवढ्यावर बऱ्याचदा काम चालतं. कळा नुकत्या सुरू झाल्या आहेत, पहिलं बाळंतपण आहे, केंद्र दहा-बारा किलोमीटरवर आहे, अशा वेळी एवढं पुरतं.

पुरत नाही ते कधी? दोन्ही आकड्यांची हद्द एकमेकांत मिसळते ती इथे, आणि चुकाही इथेच जास्त होतात. "बाई गरोदर आहे ना, मग एकशेदोनच" हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं. पण गरोदर बाईला झटके आले, रक्त जाऊ लागलं, ती बेशुद्ध पडली, डोकं भयंकर दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, बाळाचा हात किंवा पाय आधी बाहेर दिसला, तर ती आणीबाणी झाली. आधी १०८ लावा. बाळंतपणानंतर रक्तस्राव थांबत नसेल तरीही तेच. १०८ गरोदर बाईला नाकारत नाही. १०२ ची गाडी आधीच दुसऱ्या बाईला घेऊन निघालेली असेल, तरी वाट बघत बसू नका, १०८ ला कळवा. बाळाचंही असंच. आठवड्याचं बाळ पिवळं दिसतंय आणि डॉक्टरांनी सिव्हिलला दाखवायला सांगितलं, तर १०२. तेच बाळ दूध ओढेना, निळं पडलं, श्वासाला छाती आत ओढली जाऊ लागली, तर १०८. दोन्हीकडे फोन केले असतील आणि एक गाडी आली, तर दुसरीला नको म्हणून कळवायला विसरू नका. ती गाडी तेवढा वेळ दुसऱ्या कुणाच्या तरी वाट्याची असते.

नंदुरबारच्या डोंगरात मात्र हा सगळा हिशेब बदलतो. अक्कलकुव्याहून देवगोई घाट चढून मोलगीला गेलं की पुढे कितीतरी पाड्यांपर्यंत कुठलीच गाडी जात नाही. फोनला रेंज मिळेल तिथपर्यंत एक माणूस चालत जातो, आणि तोवर बाकीचे बांबूला बांधलेल्या झोळीत रुग्णाला घालून डांबरी रस्त्यापर्यंत आणतात. धडगाव तालुक्यात नर्मदेच्या काठच्या पाड्यांना तर बोटीचाच आधार. इथे १०८ की १०२ या प्रश्नाआधी रस्त्याचा प्रश्न आहे आणि तो सुटेपर्यंत कितीही नव्या गाड्या आणल्या तरी त्या घाटाखालीच थांबतील, असं माझं स्पष्ट मत आहे. आज हाताशी असलेला चांगला उपाय म्हणजे माहेरघर. दुर्गम आदिवासी भागातल्या काही आरोग्य केंद्रांत गरोदर बाईला तारखेच्या चार-पाच दिवस आधीच येऊन राहता येतं, सोबत घरचं माणूस आणि लहान मूल आणता येतं. पाड्यावरच्या बाईने कळा सुरू व्हायची वाट न बघता, वाट कोरडी असतानाच खाली यावं. १०२ ची गाडी तिला रस्त्यापासून तिथवर आणू शकते.

सापाचं थोडं वेगळं सांगतो, कारण पावसाळ्यात निंदणीच्या दिवसांत आणि रात्री जमिनीवर झोपणाऱ्या घरांत हे होतंच. साप चावला तर १०८. गाडी येईपर्यंत चावलेला हात किंवा पाय हलू देऊ नका, फळीचा आधार देऊन स्थिर ठेवा. दोरी आवळायची नाही, ब्लेड मारायचं नाही, भगताकडे न्यायचं नाही. साप मारून पिशवीत भरून आणायचीही गरज नाही. चावल्याची वेळ तेवढी लक्षात ठेवा. गाडी लांब असेल आणि दारात दुसरं वाहन तयार असेल, तर १०८ ला तसं सांगून निघा आणि वाटेत ठरलेल्या ठिकाणी रुग्ण त्यांच्या ताब्यात द्या. सापाच्या विषावरचं इंजेक्शन जवळच्या कुठल्या दवाखान्यात मिळेल, हे त्यांनाच विचारा.

मारामारी, चोरी, घरात कुणी जीवावर उठलंय, अशा वेळी पोलिसांचा ११२. जखमीही असेल तर ११२ आणि १०८ दोन्ही लावा.

रस्त्यावर अपघात बघूनही लोक १०८ ला फोन करत नाहीत, त्यामागे बऱ्याचदा पोलीस चौकीची भीती असते. "साक्षीला बोलावतील, चकरा मारायला लावतील." मोटार वाहन कायद्यात २०१९ ला कलम १३४ अ आलं, ते याच भीतीवर. चांगल्या हेतूने जखमीला मदत करणाऱ्यावर, पुढे त्या जखमीचं काही बरंवाईट झालं तरी, दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही. दवाखान्यात नेऊन पोहोचवलं तर तिथे थांबण्याची सक्ती नाही, साक्षीदार व्हायचं की नाही हेही तुमच्या मर्जीवर. धुळे-पारोळा-एरंडोल-जळगाव रस्त्यावर रात्री कुणी पडलेलं दिसलं, तर गाडी बाजूला घ्या, इंडिकेटर चालू ठेवा, १०८ लावा. नाव सांगायचं नसेल तर सांगू नका, पण फोन ठेवण्याआधी जवळच्या किलोमीटरच्या दगडावर काय लिहिलंय ते वाचून दाखवा.