ब्रेकपॉइंट लावला, तरी प्रोग्रॅम थांबेना?

डीबगर म्हणजे चालता प्रोग्रॅम मध्येच थांबवून चुका शोधायचं साधन, आणि ब्रेकपॉइंट म्हणजे ‘इथे थांब’ अशी ओळीवर केलेली खूण. ती लावूनही प्रोग्रॅम थांबला नाही, की “डीबगर बिघडलाय,” ही तक्रार मी प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्यांकडून असंख्य वेळा ऐकली आहे. तिच्यामागे एक गैरसमज असतो. डीबगर म्हणजे प्रोग्रॅमची एकेक ओळ वाचत बसलेला पहारेकरी, आणि आपण खूण केलेली ओळ आली की तो हात आडवा घालतो, असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात प्रोग्रॅम धावत असताना जीडीबीसारखा टर्मिनलवरचा डीबगर बहुतेक वेळ झोपलेला असतो.

मग प्रोग्रॅम थांबतो कसा? ही युक्ती मला फार आवडते.

आपण लिहिलेल्या ओळींच्या कंपाइलर मशीन-सूचना बनवतो आणि चालताना प्रत्येक सूचना मेमरीत ठरावीक पत्त्यावर बसते. ‘ब्रेक ४२’ म्हटलं की डीबगर ४२व्या ओळीचा पत्ता शोधतो. प्रोग्रॅम सोडताना तो त्या पत्त्यावरचा एक बाइट उचलून स्वतःजवळ जपून ठेवतो आणि त्याच्या जागी आपला बाइट लिहितो. इंटेल-एएमडीच्या प्रोसेसरवर त्याचं मूल्य २०४ असतं. प्रोसेसरच्या भाषेत त्याचा अर्थ ‘थांब आणि कळव’. प्रोसेसर तिथे पोचला की ऑपरेटिंग सिस्टिम प्रोग्रॅमला रोखते आणि डीबगरला उठवते. तोवर प्रोसेसर एक बाइट पुढे गेलेला असतो. म्हणून डीबगर त्याला एक पाऊल मागे आणतो, मूळ बाइट परत ठेवतो, तेवढी एकच सूचना चालवतो आणि लगेच पुन्हा २०४ लिहून टाकतो. मधल्या काळात तुम्ही त्या जागेची मेमरी पाहायला मागितलीत, तर जीडीबी मूळ बाइटच दाखवतो!

पण बाइट एकच का? या प्रोसेसरांवर सूचना १ ते १५ बाइटांच्या असतात. दोन बाइटांचा सापळा एका बाइटाच्या सूचनेवर बसवला, तर तो शेजारच्या सूचनेवर सांडेल. प्रोग्रॅमने दुसरीकडून थेट त्या शेजारणीवर उडी मारली, तर प्रोसेसर अर्ध्या सापळ्यात पडेल आणि भलतंच काही चालवेल.

एवढं समजलं की प्रश्न एवढाच उरतो: तो बाइट पडला का, कुठे पडला, आणि प्रोसेसर तिथून गेला का? संगणक बंद-चालू करणं, डीबगर काढून पुन्हा टाकणं हे निव्वळ तोडगे आहेत. कारण न शोधता केलेला उपाय एखाद्या वेळी लागू पडला, तरी त्यातून कळत काहीच नाही.

ओळ आणि पत्ता यांची सांगड घालणारा तक्ता फाइलमध्ये यायला कंपाइलरला ‘-जी’ हा पर्याय द्यावा लागतो. तक्ता असूनही वेगासाठी ‘-ओ२’ या पर्यायाने कोड घोटून घेतला असेल, तर ती ओळ उरलेलीच नसते आणि ब्रेकपॉइंट पुढच्या एखाद्या ओळीवर सरकतो. अशा वेळी कोड न घोटणाऱ्या ‘-ओ०’ने पुन्हा कंपाइल करावं. फंक्शन सापडलं नाही तर जीडीबी विचारतो, की पुढे लोड होणाऱ्या लायब्ररीसाठी ब्रेकपॉइंट राखून ठेवू का? नावात एक अक्षर चुकलं तरी हाच प्रश्न येतो. तेव्हा ‘हो’ म्हणालात, तर ब्रेकपॉइंट वाटच पाहत राहील, कारण त्या चुकीच्या नावाचं फंक्शन कधीच येणार नाही. आणि जिथे लिहिताच येत नाही अशा मेमरीत, उदाहरणार्थ रॉममध्ये, २०४ बसणार कसा? तिथे जीडीबीचा ‘एचब्रेक’ वापरायचा. तो प्रोसेसरमधल्या खास रजिस्टरांत, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या छोट्या साठवणजागांत, पत्ता ठेवतो. १९८५च्या ८०३८६मध्ये अशी ४ रजिस्टरं आली आणि इंटेलच्या आजच्या प्रोसेसरांतही ४च आहेत.

सुरुवात मात्र ब्रेकपॉइंटांची यादी दाखवणाऱ्या ‘इन्फो ब्रेकपॉइंट्स’ या आज्ञेपासून करावी. पत्त्याच्या जागी ‘पेंडिंग’ दिसलं, तर बाइट अजून पडलेलाच नाही. पत्ता आहे पण किती वेळा लागला ती नोंद नाही, तर प्रोसेसर तिथे फिरकलेला नाही. प्रोग्रॅम फोर्क करत असेल, म्हणजे स्वतःचीच प्रत असलेली नवी प्रक्रिया सुरू करत असेल, तर इथे विशेष लक्ष द्यावं: जीडीबी आपणहून मूळ प्रक्रियेला धरून राहतो आणि नव्या प्रक्रियेतले आपले बाइट काढून तिला सोडून देतो. तुमची ४२वी ओळ तिकडे खुशाल चालून जाते. ‘सेट फॉलो-फोर्क-मोड चाइल्ड’ दिलं की जीडीबी तिच्यामागे जातो.