डिक, जेन आणि टोपीवालं मांजर

'ए फॉर ॲपल' म्हणताना तोंडातून आधी 'ए' निघतो आणि लगेच 'ॲ'. दोन्हींचा मेळ बसत नाही, पण ते कुणाला खटकत नाही. 'क कमळातला' शिकताना ही भानगडच नसते, कारण अक्षराचं नाव हाच त्याचा उच्चार. इंग्रजी वाचन कसं शिकवावं यावर अमेरिकेत पावणेदोनशे वर्षं जे भांडण चाललंय, त्याचं मूळ या फटीत आहे.

१८४०च्या दशकात मॅसॅच्युसेट्सच्या शिक्षण मंडळाचे सचिव होरेस मान यांनी सुटी अक्षरं घोकून घेण्यावर टीका केली. मुलांना आधी अख्खा शब्द दाखवावा, असं त्यांचं म्हणणं. विसाव्या शतकात हीच पद्धत वर्गांत रुजली. स्कॉट फोर्समन प्रकाशनाच्या वाचनमालेत १९३० साली डिक आणि जेन ही भावंडं आली. शब्द मोजके आणि तेच ते पुन्हा पुन्हा, म्हणजे बघून बघून डोळ्यांत बसावेत.

पण शब्दांबरोबर मुलांना एक घरही पाठ झालं. नीटनेटकं अंगण, कामावर जाणारे बाबा, घर सांभाळणारी आई, स्पॉट नावाचा कुत्रा आणि सगळी माणसं गोरी. या मालेत कृष्णवर्णीय कुटुंब यायला १९६५ उजाडलं. कृष्णवर्णीय लेखिका टोनी मॉरिसन यांनी 'द ब्लूएस्ट आय' (१९७०) या कादंबरीच्या सुरुवातीला याच धाटणीचा उतारा तीनदा दिला आहे: आधी नीट, मग विरामचिन्हांशिवाय, शेवटी शब्दांमधल्या जागाही पुसून. वाचनपाठाला दिलेलं याहून बोचरं उत्तर मला तरी माहीत नाही.

दरम्यान १९५४ मध्ये 'लाइफ' साप्ताहिकात लेखक जॉन हर्सी यांनी डिक-जेनसारख्या पुस्तकांच्या मिळमिळीतपणावर लिहिलं. पुढच्याच वर्षी रुडॉल्फ फ्लेश यांनी, जॉनीला वाचता का येत नाही असं विचारणाऱ्या पुस्तकात, अक्षर-ध्वनीची जोडी म्हणजे फोनिक्स परत आणा, असा धोशा लावला. १९५७ मध्ये बालसाहित्यिक डॉ. स्यूस यांचं 'द कॅट इन द हॅट', म्हणजे टोपीवालं मांजर, हे पुस्तक आलं. गंमत अशी, की हे खोडकर पुस्तकही ठरवून दिलेल्या शब्दयादीतूनच रचलेलं. त्यात वेगवेगळे शब्द जेमतेम २३६.

नंतर वाद राजकारणात शिरला. फोनिक्सवाले परंपरावादी आणि अर्थाकडून शब्दाकडे जाणारे पुरोगामी, असे शिक्के बसले. अमेरिकेच्या २०००च्या राष्ट्रीय वाचन समितीने फोनिक्सच्या बाजूने कौल दिला, तरी भांडण मिटलं नाही. इंग्लंडने २०१२ पासून पहिल्या इयत्तेत ४० शब्दांची फोनिक्स चाचणी आणली. त्यातले निम्मे शब्द मुद्दाम निरर्थक असतात आणि शेजारी काल्पनिक प्राण्याचं चित्र असतं. चांगली वाचणारी काही मुलं 'स्ट्रॉम' हा निरर्थक शब्द 'स्टॉर्म' असा वाचून चुकली, अशी शिक्षकांची तक्रार होती.

महाराष्ट्रात २००० साली पहिलीपासून इंग्रजी आलं. आता शहरांत फोनिक्सचे क्लास निघालेत. नातू तिथून 'ॲ, ॲ, ॲपल' शिकून येतो. बाराखडीवर वाढलेल्या आजीला त्यासाठी फी कशाला, हेच कळत नाही.