संदिग्ध विज्ञानपट आणि त्याचा प्रेक्षक

संदिग्ध विज्ञानपट : घटनेचे कारण, पात्राचे खरे स्वरूप किंवा कथेचा शेवट दिग्दर्शकाने जाणूनबुजून उघडा ठेवलेला विज्ञानपट. एकाच खेळाला शेजारी शेजारी बसलेल्या माणसांत अशा चित्रपटावरून जेवढी फाटाफूट होते, तेवढी क्वचितच दुसऱ्या कशावरून होत असेल. कुणी तासाभरात उठून जातो, कुणी श्रेयनामावली संपली तरी जागचा हलत नाही. ‘डोक्यावरून गेला’ म्हणणारा आणि ‘पुन्हा बघायला हवा’ म्हणणारा एकाच स्कूटरवरून घरी जातात.

गोव्यात हा अनुभव आता नवखा राहिलेला नाही. १९५२ साली मुंबईत सुरू झालेला भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव (इफ्फी) २००४ मध्ये पणजीत आला आणि इथेच स्थिरावला. पेडणे, डिचोली, फोंडा, सीमेपलीकडची सावंतवाडी, कुडाळ, अगदी पुण्या-कोल्हापुरातूनही मराठी माणसे नोव्हेंबरात गळ्यात डेलिगेट कार्ड अडकवून मांडवीच्या काठावर येतात. यांतले कित्येक नाटकवेडे असतात. एरवी ज्या चित्रपटाच्या वाटेला ते गेले नसते, तो रांगेत पुढे उभ्या असलेल्याच्या सांगण्यावरून बघतात. संदिग्ध विज्ञानपटाची आणि त्यांची गाठ पडते ती अशी, तयारी नसताना. म्हणूनच त्यांचा प्रतिसाद नोंदवण्याजोगा आहे.

‘मोघम’ आणि ‘संदिग्ध’ हे शब्द मराठीत सैलपणे एकमेकांच्या जागी वापरतात. इथे ते वेगळे ठेवायला हवेत. मोघम कृतीत काय म्हणायचे आहे ते करणाऱ्याचेच ठरलेले नसते. संदिग्ध कृतीत दोन-तीन अर्थ नेमके मांडलेले असतात आणि प्रत्येक अर्थाला पडद्यावरच पुरावा असतो. सोव्हिएत दिग्दर्शक आंद्रेई तारकोव्हस्कीच्या ‘स्टॉकर’चा (१९७९) शेवट पाहिला की हा फरक लगेच ध्यानात येतो. चित्रपटाच्या सुरुवातीला घराजवळून आगगाडी जाते आणि झोपलेल्या कुटुंबाच्या उशाशी ठेवलेला ग्लास थरथरतो. १६३ मिनिटांच्या अखेरीस त्याच घरातली, पायाने अधू असलेली मुलगी टेबलावर डोके टेकवून समोरच्या ग्लासांकडे एकटक पाहते. ग्लास सरकू लागतात. एक टेबलाच्या कडेपर्यंत जातो आणि खाली पडतो. त्यानंतर गाडीचा खडखडाट वाढत जातो.

ग्लास कुणी हलवला? सुरुवातीची थरथर आठवणारा म्हणतो, गाडीने. माणसांना चोरून निषिद्ध प्रदेशात नेणाऱ्या वाटाड्या बापाची, म्हणजे चित्रपटाच्या नायकाची मुलगी आहे, तिच्या अंगी काही वेगळी शक्ती आली आहे, असे विज्ञानकथेचा वाचक म्हणतो. तिसऱ्याला बाप आठवतो. आता कुणाच्याच मनात श्रद्धा उरली नाही म्हणून तो खचला आहे. चमत्कार त्याच्याच घरात घडतो आणि तो पाहायला तो तिथे नाही. तिन्ही वाचने टिकतात. गाडीचा आवाज ग्लास सरकण्याच्या आधी आला असता तर एकच टिकले असते. एवढ्या बारीक जागी संदिग्धता बांधलेली असते, आणि ती जागा पाहण्याआधी कंटाळून उठलेल्या माणसाला तिचा पत्ता लागत नाही. चित्रपट फार संथ आहे अशी सोव्हिएत अधिकाऱ्यांनी तक्रार केली, तेव्हा सुरुवात आणखी संथ हवी होती, म्हणजे चुकून भलत्या सभागृहात आलेल्यांना निघून जायला वेळ मिळाला असता, असे उत्तर तारकोव्हस्कीने दिल्याचे सांगतात.

पाश्चात्त्य प्रेक्षकांत ही फूट ठळकपणे दिसली ती स्टॅन्ली कुब्रिकच्या ‘२००१ : अ स्पेस ओडिसी’ला (१९६८). पहिली सुमारे २५ मिनिटे पडद्यावर एकही संवाद नाही आणि शेवटच्या भागातही कुणी बोलत नाही. सुरुवातीच्या खेळांतून लोक उठून गेले आणि कुब्रिकने प्रदर्शनानंतरही सुमारे १९ मिनिटे कापली. तरुणांनी मात्र हाच चित्रपट उचलून धरला. ते पुन्हा पुन्हा येत राहिले. पुढे चित्रपट कंपनीनेही जाहिरातीचा सूर बदलून त्यांना साद घातली. चित्रपट तोच, प्रेक्षागृहेही तीच. बदलला तो पाहणारा.

निर्मात्यांना या फुटीची भीती वाटते आणि मग शेवट बांधून टाकण्याचा मोह होतो. रिडली स्कॉटचा ‘ब्लेड रनर’ (१९८२) चाचणी खेळांत लोकांना कळेना, तेव्हा नायकाच्या आवाजातले निवेदन आणि सुखाचा शेवट त्याला चिकटवण्यात आला. १९९२ च्या आवृत्तीत दोन्ही काढले. नायक माणूस की कृत्रिम मानव, यावर खुद्द दिग्दर्शक आणि त्याचा नट हॅरिसन फोर्ड यांचे वर्षानुवर्षे जमले नाही. ‘सोलारिस’च्या (१९७२) बाबतीत तर मूळ कादंबरीचा लेखक स्तानिस्लाव लेम तारकोव्हस्कीवर नाराज होता. अज्ञाताशी गाठ पडलेल्या मानवी बुद्धीची कथा त्याने लिहिली होती; पडद्यावर त्याला अपराधी मनाची कथा दिसली. करणाऱ्यांतच मतभेद असतील तर प्रेक्षकाने एकमत दाखवावे ही अपेक्षा फारच झाली.

त्याच कादंबरीवर २००२ मध्ये आलेल्या अमेरिकी चित्रपटाला सिनेमास्कोर या संस्थेच्या पाहणीत ‘एफ’ श्रेणी मिळाली. ही संस्था प्रदर्शनाच्या पहिल्या रात्री बाहेर पडणाऱ्या प्रेक्षकांकडून कार्डे भरून घेते. ‘एफ’ म्हणजे तळाची श्रेणी. चित्रपट तळाचा नव्हता. जॉर्ज क्लूनीसारखा तारा पाहून आलेल्यांना समोर संथ, शोकमग्न काही तरी दिसले, आणि त्यांनी ती तफावत कार्डावर लिहिली. पहिल्या रात्रीची श्रेणी अपेक्षा आणि अनुभव यांच्यातले अंतर मोजते, एवढे ध्यानात ठेवून ती वाचावी.

मराठी प्रेक्षकाची अपेक्षा कुठून येते, हे पाहणे इथे महत्त्वाचे. मराठी विज्ञानकथा विज्ञानप्रसाराचे बोट धरून चालायला शिकली. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेने कथास्पर्धा घेतल्या. १९७४ च्या स्पर्धेत जयंत नारळीकरांनी नारायण विनायक जगताप असे नाव घेऊन, म्हणजे स्वतःची आद्याक्षरे उलटी करून, कथा पाठवली आणि ती पहिली आली. या परंपरेत रहस्य शेवटी उलगडते, आणि ते उलगडणे हाच वाचकाचा आनंद असतो. यात उणे काही नाही. दोन पिढ्यांना विश्वाचे कुतूहल या कथांनी लावले. पण तो आनंद मनात धरून बसलेल्या वाचकाला संदिग्ध विज्ञानपट शेवटचे पान फाडलेल्या पुस्तकासारखा वाटतो. ‘शेवट काय झाला ते सांगितलंच नाही’ ही तक्रार तिथून येते, आणि ती प्रामाणिक असते.

दुसरा धागा जत्रेचा. पेडण्यात आणि शेजारच्या सिंधुदुर्गात दशावतार रात्रभर रंगतो. प्रेक्षक मध्येच डुलकी काढतो, चहा पिऊन येतो, पहाटे पुन्हा राक्षसाच्या आरोळीने जागा होतो. त्याचे काही बिघडत नाही, कारण आख्यान त्याला आधीच ठाऊक असते. म्हणून इथल्या माणसाला लांबीची धास्ती नाही, ही प्रस्तुत नोंदकाराची खात्री आहे. तीन तास बसायला तो तयार असतो. त्याला अडते ते वेगळ्या ठिकाणी : गोष्ट माहीत नाही, पात्रे बोलत नाहीत, आणि जे थोडे बोलतात ते इंग्रजी उपशीर्षकांतून, म्हणजे परक्या भाषेच्या परक्या अनुवादातून पोचते. रशियन वाक्याचा इंग्रजी अर्थ लावून होईतो पडद्यावरचा ग्लास सरकून गेलेला असतो. गोव्याच्या कला अकादमीच्या मराठी नाट्यस्पर्धांनी मात्र याच प्रेक्षकाला आणखी एक सवय लावली. प्रायोगिक नाटकातला रिकामा रंगमंच आणि अर्धवट तुटलेले वाक्य त्याने गावोगावच्या संघांकडून पाहिलेले असते. ही सवय असलेला माणूस खुर्चीत टिकतो.

महोत्सवात मध्येच उठून जाणाऱ्यांविषयी थोडे सावध राहून बोलावे. दारातून प्रकाशाची पट्टी आत येते, खुर्ची खाडकन मिटते, ‘एक्सक्यूज मी’ म्हणत कुणी गुडघ्यांना घासत बाहेर पडते, आणि उरलेल्यांना वाटते की चित्रपट पडला. पण पुढच्या खेळाचे तिकीट आरक्षित असते आणि तो पलीकडच्या सभागृहात असतो. मॅकिनेझ पॅलेस या दुसऱ्या सभागृहाकडे जायचे तर वेळ काढावा लागतो. दिवसाला चार चित्रपट बघणाऱ्याचे डोळेच मिटू लागतात. निघून जाणे हा दर वेळी नकार नसतो.

खरा प्रतिसाद बाहेर उमटतो. संध्याकाळी रस-ऑम्लेटच्या गाड्याभोवती उभे राहून पाव बुडवता बुडवता चाललेले वाद ऐकावेत. तिथे पहिला प्रश्न ठरलेला : ‘कळला?’ कोकणीत ‘समजलें?’ उत्तर नाही आले की बहुतेकदा विषय बदलतो, कारण न कळणे आपल्याकडे कमीपणाचे मानतात. कुणी ‘कळला नाही, पण तो पाण्याचा शॉट डोक्यातून जात नाही’ असे म्हणाले की मग खरी चर्चा सुरू होते. ज्याला त्याला एखादा शॉट सांगायचा असतो. कळणे आणि भिडणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. मराठीत दोन्हींसाठी शब्द आहेत, पण पहिलाच आधी विचारला जातो.

या फरकाचा विचार आपल्याकडे फार जुना आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात प्रयोगाच्या सिद्धीवर, म्हणजे यशावर, एक स्वतंत्र अध्याय आहे. तरुण प्रेमाच्या दृश्याने सुखावतात, अर्थार्थी अर्थाच्या गोष्टींनी, विरागी मोक्षाच्या, शूर युद्धाच्या, वृद्ध धर्माख्यानांनी, असे तिथे सरळ म्हटले आहे. प्रेक्षागृहात एकच प्रेक्षक नसतो हे भरताने गृहीतच धरले. पुढे तो सिद्धीचे दोन प्रकार करतो. स्मित, मोठे हसू, ‘साधु’, ‘अहो’, ‘कष्टम्’ असे उद्गार, रोमांच ही मानुषी सिद्धी. दैवी सिद्धीचे एक लक्षण असे की रंगगृह भरलेले आहे आणि तरी शब्द नाही, क्षोभ नाही. टाळ्यांवरून यश मोजणाऱ्या आजच्या सवयीपुढे हे लक्षण ठेवून पाहावे. उंबेर्तो एको या इटालियन विचारवंताने १९६२ मध्ये मुक्त कृतीची संकल्पना मांडली, वाचकाच्या सहभागावाचून जी पुरी होत नाही अशी. ती विज्ञानपटाच्या चर्चेत हमखास येते. भरताच्या या अध्यायाची आठवण त्या मानाने फारच कमी काढली जाते, याची खंत वाटते.

पणजीत हा विषय निघाला की कला अकादमीची आठवण येतेच. चार्ल्स कोरियांनी आखलेल्या या वास्तूतल्या दीनानाथ मंगेशकर कला मंदिराच्या भिंतींवर, मूळ रचनेत, व्यंगचित्रकार मारिओ मिरांडांनी जुन्या गोमंतकीय नाट्यगृहाचे सज्जे आणि त्यांत बसलेली माणसे रंगवली होती. प्रेक्षकाकडेही पाहावे, असे वाटणारी माणसे गोव्यात होती.

अलीकडे असे विज्ञानपट सभागृहाऐवजी थेट घरी येऊ लागले आहेत. अॅलेक्स गार्लंडचा ‘अॅनायहिलेशन’ (२०१८) चाचणी खेळात कमी पडला आणि तो फार बौद्धिक असल्याची शंका निर्मात्यांतल्या एकाने घेतली. परिणामी अमेरिका, कॅनडा आणि चीन वगळता इतरत्र तो नेटफ्लिक्सवरच आला, भारतातही. म्हापशाच्या घरात तो पाहणारा माणूस मध्ये थांबवून भाताचा कुकर उतरवून येतो, न कळलेला प्रसंग मागे नेऊन पुन्हा बघतो. ही सोय मोठी आहे. दशावताराच्या प्रेक्षकाला जी मोकळीक होती ती त्याला परत मिळाली. पण शेवट झाला की पुढच्या मिनिटाला ‘शेवटाचा अर्थ’ सांगणारा व्हिडिओ पडद्यावर हजर असतो आणि बहुतेक जण तो लावतात. सभागृहात श्रेयनामावली सरकत असताना अंधारात गप्प बसण्याची जी चार-पाच मिनिटे मिळत, शेजाऱ्याने आधी बोलावे म्हणून दोघेही थांबत, ती घरी मिळत नाहीत.