परदेशातल्या अमेरिकन शाळेत प्रवेश: पात्रता, कागदपत्रं आणि अर्जाचा क्रम

शाळेच्या नावात ‘अमेरिकन’ हा शब्द घालायला अमेरिकेच्या कुठल्याही सरकारी खात्याची परवानगी लागत नाही. म्हणून अर्जाला हात घालण्याआधी शाळेची मान्यता, म्हणजे ॲक्रेडिटेशन, तपासा. अमेरिकन पद्धतीत बारावीच्या शेवटी बोर्डाची परीक्षा नसते. डिप्लोमा, म्हणजे बारावी पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र, शाळाच देते, गुण शाळाच देते आणि त्यावर शिक्काही शाळेचाच असतो. शाळेचं काम बाहेरच्या कुणी तपासलेलंच नसेल, तर त्या डिप्लोम्याला किती मोल द्यायचं हे पुढच्या विद्यापीठाच्या मर्जीवर राहतं.

ही तपासणी करणाऱ्या संस्थांपैकी परदेशातल्या शाळांच्या बाबतीत वारंवार दिसणारी नावं चार: कॉग्निया (२०१९ पर्यंत ॲडव्हान्सएड), मिडल स्टेट्स असोसिएशन, न्यू इंग्लंड असोसिएशन म्हणजे नीॲस्क, आणि वेस्टर्न असोसिएशन म्हणजे वॅस्क. शाळेच्या माहितीपत्रकावर या संस्थांचं बोधचिन्ह असलं म्हणून विश्वास ठेवू नका. संस्थेच्या स्वतःच्या यादीत शाळेचं नाव शोधा आणि दोन गोष्टी वाचा. मान्यता पूर्ण आहे की शाळा अजून ‘कॅन्डिडेट’ आहे, म्हणजे प्रक्रियेत आहे? आणि मान्यता कुठल्या इयत्तांपर्यंत आहे? मुलगी सातवीत जाणार असेल आणि मान्यता आठवीपर्यंतच असेल, तर दोन वर्षांनी पुन्हा शाळा शोधावी लागेल.

अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याचं ‘ऑफिस ऑफ ओव्हरसीज स्कूल्स’ १९६४ पासून आहे आणि ते जगभरातल्या दीडशेहून अधिक शाळांना मदत करतं. त्या यादीत शाळा असणं चांगलंच, पण त्यामुळे ती सरकारी होत नाही. या शाळा स्वतंत्र असतात आणि आपलं कामकाज स्वतःच्या संचालक मंडळाकडून चालवतात. अमेरिकन सैन्यतळांवरच्या संरक्षण खात्याच्या शाळा मात्र वेगळ्या. त्या मुळात सैनिकांच्या आणि संरक्षण खात्यातल्या कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी असल्याने इतरांनी त्यांच्यामागे वेळ घालवू नये.

पात्रता

वयाचं गणित सरळ आहे. किंडरगार्टनला पाच वर्षं पूर्ण, पहिलीला सहा. फक्त ही वर्षं कुठल्या तारखेला पूर्ण हवीत, हे शाळेगणिक बदलतं. बहुतेक शाळांचं वर्ष ऑगस्टमध्ये सुरू होऊन मे-जूनमध्ये संपतं. जिथे वर्ष दुसऱ्या महिन्यात सुरू होतं तिथून आलेल्या मुलाला अर्धं वर्ष मागे किंवा पुढे बसवलं जातं. लहान इयत्तांत मागे बसल्याने काही बिघडत नाही, उलट नवी भाषा आणि नवे मित्र यांची सवय व्हायला उसंत मिळते. नववीपासून वरच्या मुलांबाबत हा निर्णय मात्र घाईने घेऊ नका. कारण खाली येतंच आहे.

नागरिकत्वाची अट अनेकांच्या लक्षातच येत नाही, कारण ती शाळेची नसते, त्या देशाची असते. चीनमध्ये परदेशी कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी असलेल्या शाळांना चिनी नागरिक असलेली मुलं घेता येत नाहीत. सिंगापूरच्या नागरिकाला तिथल्या आंतरराष्ट्रीय शाळेत जायचं तर शिक्षण मंत्रालयाची परवानगी लागते. दक्षिण कोरियात परदेशी शाळेत जाऊ इच्छिणाऱ्या कोरियन मुलाने तीन वर्षं परदेशात काढलेली असावी लागतात. मुलाकडे किंवा आई-वडिलांपैकी एकाकडे त्या देशाचा पासपोर्ट असेल, तर हा प्रश्न प्रवेश कार्यालयाला पहिल्याच पत्रात विचारा.

मूल इंग्रजी माध्यमातून आलेलं नसेल तर चाचणी होते. अनेक शाळा विडा (WIDA) या अमेरिकन संस्थेची इंग्रजीची चाचणी वापरतात. तिच्यात ऐकणं, बोलणं, वाचणं, लिहिणं वेगवेगळं मोजतात. प्राथमिक इयत्तांत कमी पातळीचं मूलही घेतात आणि भाषेची वेगळी मदत देतात. वर जावं तशी ही सवलत आटत जाते. नकार आलाच तर तो बुद्धीवरचा शेरा समजू नये. त्या शाळेत त्या इयत्तेसाठी भाषेची शिकवणी नाही, एवढाच त्याचा अर्थ असू शकतो. गणित-वाचनासाठी मॅप ही संगणकावरची चाचणी घेतली, तर तिच्यात पास-नापास नसतं. उत्तर बरोबर आलं की पुढचा प्रश्न अवघड होतो, चुकलं की सोपा. मुलाला हे आधी सांगून ठेवा, नाहीतर प्रश्न अवघड होत गेले की ते रडकुंडीला येतं.

कागदपत्रं

यादी अशी: मुलाचा आणि पालकांचा पासपोर्ट, जन्मदाखला, व्हिसा किंवा निवास परवाना (नंतर दिला तरी चालतो), मागच्या दोन-तीन वर्षांचे शालेय निकाल, शिक्षकांची शिफारसपत्रं, लसीकरणाची नोंद, डॉक्टरांनी भरलेला आरोग्य फॉर्म. पालक विभक्त असतील तर ताब्याबद्दलचा न्यायालयाचा आदेश किंवा दुसऱ्या पालकाची लेखी संमती. आई-वडील दोघेही त्या शहरात राहणार नसतील तर पालकत्वाचं कायदेशीर पत्र. बहुतेक शाळांना वसतिगृह नसतं, त्यामुळे या शेवटच्या मुद्द्यावर त्या अजिबात ढिल्या पडत नाहीत.

खरं काम असतं ते निकालपत्रिकेचं. अमेरिकन ट्रान्सक्रिप्ट नववी ते बारावी अशा चारही वर्षांचा हिशेब असतो. वर्षभर शिकलेल्या विषयाला साधारण एक क्रेडिट, सत्रभराच्या विषयाला अर्धं. या मोजमापाचं मूळ कार्नेगी युनिटमध्ये, म्हणजे वर्षाला वर्गातल्या १२० तासांमध्ये आहे. डिप्लोम्यासाठी इंग्रजी, गणित, विज्ञान, समाजशास्त्र यांची ठरावीक क्रेडिट्स लागतात. म्हणजे अकरावीत प्रवेश घेणाऱ्या मुलाच्या नववीच्या गुणांनाही वजन आहे. काही शाळा बारावीत नवीन मूल घेतच नाहीत, कारण एका वर्षात क्रेडिटांचा मेळ बसत नाही. शाळेत आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) डिप्लोमा असेल तर तो अकरावी-बारावी असा सलग दोन वर्षांचा आहे, मध्येच शिरणं कठीण. एपीचे (ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट, म्हणजे कॉलेजच्या पातळीचे) विषय वर्षावर्षाचे असतात, परीक्षा मे महिन्यात होते आणि गुण १ ते ५ असतात. उशिरा येणाऱ्या मुलासाठी एपीची शाळा जास्त सोयीची, असं माझं मत आहे.

आता त्या निकालपत्रिकेकडे प्रवेश अधिकाऱ्याच्या नजरेने पाहा. ‘भौतिकशास्त्र ७८’ एवढंच लिहिलेलं आहे. जुन्या शाळेत ७८ म्हणजे वर्गात दुसरा असेल, पण अमेरिकन मोजपट्टीवर ७८ म्हणजे बहुधा सी प्लस. हा गैरसमज मूल तिथे असून दूर करू शकत नाही, कागदच दूर करू शकतो. जुन्या शाळेकडून लेटरहेडवर एक पानी पत्र घ्या: उत्तीर्णतेची किमान टक्केवारी, त्या वर्षी वर्गातले सर्वाधिक गुण, आठवड्याला तासिका किती, माध्यम कुठलं. मुख्याध्यापकांची सही, शिक्का, तारीख. निकाल इंग्रजीत नसेल तर प्रमाणित भाषांतर आणि मूळ प्रत दोन्ही जोडा.

शिफारसपत्र गोपनीय असतं. तुम्ही अर्जात शिक्षकांचा ईमेल देता, त्यांना थेट दुवा जातो, आणि त्यांनी काय लिहिलं ते तुम्हाला कधीच दिसत नाही. तो फॉर्म बघायला सोपा असतो: चौकटींत खुणा करायच्या, मूल वर्गात मदत मागतं का, अपयश कसं घेतं, पालक शाळेला सहकार्य करतात का (हो, हाही प्रश्न असतो). पण दुवा स्पॅममध्ये पडतो, शिक्षक सुट्टीवर जातात आणि अर्ज ‘अपूर्ण’ म्हणून पडून राहतो. शिक्षकांना आधी भेटून सांगा, कुठल्या पत्त्यावरून मेल येणार तेही सांगा. हे शिक्षक तयार झाल्याशिवाय अर्जाचं शुल्क भरण्यात अर्थ नाही.

लसींच्या तारखांत महिना अक्षरांत लिहून घ्या. ०४/०७/२०१६ ही तारीख अमेरिकन परिचारिका ७ एप्रिल वाचते, इतर बरेचजण ४ जुलै, आणि मग दोन डोसांमधलं अंतर चुकीचं दिसतं. गोवर-गालगुंड-रुबेला, पोलिओ, धनुर्वात-घटसर्प-डांग्या खोकला, हिपॅटायटिस बी, कांजिण्या यांच्या नोंदी सहसा मागतात. काही ठिकाणी क्षयरोगाची चाचणीही मागतात.

मुलाला अध्ययन अक्षमता असेल, आधी मानसशास्त्रीय मूल्यमापन झालेलं असेल, तर तो अहवाल लपवू नका. अमेरिकेतल्या सार्वजनिक शाळांना अशा मुलांना सेवा देण्याचं कायद्याचं बंधन आहे, परदेशातल्या खाजगी अमेरिकन शाळेला ते नाही. माहिती दडवली तर दिलेला प्रवेश काढून घेण्याचा हक्क शाळा करारात राखून ठेवते. आधी सांगितलं तर निदान मदत आहे की नाही हे कळतं. अहवाल शक्यतो तीन वर्षांच्या आतला असावा.

व्हिसासाठी जन्मदाखल्यावर अपोस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचं सरकारी प्रमाणन, लागू शकतं. १९६१ च्या हेग करारातल्या देशांत ते पुरतं (चीन २०२३ मध्ये त्यात आला). कराराबाहेरच्या देशांसाठी दूतावासाकडून साक्षांकन करून घ्यावं लागतं. जन्मदाखला लॅमिनेट केलेला असेल तर नवी प्रत काढा.

अर्ज आणि पैसे

अर्ज ऑनलाइन भरायचा, शुल्क परत मिळत नाही, मग चाचणी, मुलाखत, समितीचा निर्णय. प्रतीक्षायादी पहिला आला तो पहिला अशी सहसा चालत नाही. दूतावासातली मुलं, शाळेत असलेल्या मुलांची भावंडं, प्रायोजक कंपन्यांची मुलं पुढे असतात. म्हणून ‘आमचा नंबर कितवा?’ विचारण्यापेक्षा ‘आम्ही कुठल्या गटात?’ विचारा.

प्रवेश मिळाला की जागा राखण्याची रक्कम ठरावीक दिवसांत भरावी लागते. शिक्षणशुल्काखेरीज इमारत निधी, इंग्रजीची मदत, बस यांचे आकडे वेगळे असतात. कंपनी फी देणार असेल तर नेमणूकपत्रात नुसतं ‘शिक्षणशुल्क’ लिहिलेलं असतं, आणि इमारत निधी घरच्यांच्या गळ्यात येतो. ‘इमारत निधी’ हा शब्द सही करण्याआधी घालून घ्या. शाळेला कंपनीचं हमीपत्र लागतं का आणि ते कुणाच्या सहीने, तेही विचारा. करारातलं शाळा सोडण्याचं कलमही त्याच बैठकीत वाचा: सूचना किती आधी द्यायची, कुठली रक्कम परत येते, आणि फी बाकी असेल तर ट्रान्सक्रिप्ट अडवून ठेवतात का.