घरची चौकशी केली म्हणजे हलकी औषधं देणार? तसं नसतं हो

आमच्या गुहागर-दापोलीकडच्या ग्रुपांवर एक मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय, की कॅन्सरच्या पेशंटला हॉस्पिटलात रेशनकार्ड, कमाई, घरी कोण असतं असं विचारलं की ऐपत बघून हलकी औषधं देतात, म्हणून खरं सांगू नका. भीती वाटणं साहजिक आहे, पैशाचं कोणी विचारलं की आपण सावध होतोच.

पण कुठलं औषध, किती डोस हे बायोप्सीचा रिपोर्ट, स्टेज आणि तब्येत बघून ठरतं. खर्च झेपत नसेल तर पर्याय निघतात, पण तुमच्याशी बोलून, गुपचूप नाही.

चौकशी वेगळ्याच कामाची असते. रेडिएशनचं बघा, ते बहुतेक वेळा आठवड्याला पाच दिवस असं काही आठवडे चालतं, आता गावातनं पहाटेची एसटी धरणारा माणूस पावसात घाट बंद पडला की घरीच, आणि असे खाडे पडले की उपचाराचा गुण कमी येतो. हे आधी कळलं तर राहायची सोय बघता येते. रेल्वेत उपचाराला जाताना स्लीपर आणि थ्री एसीला पेशंटचं भाडं पूर्ण माफ, सोबतच्याला ७५ टक्के सवलत, त्याचा फॉर्म हॉस्पिटलातच भरून घेता येतो (कित्येकांना हे माहीतच नसतं!).

खात्री करायचीय? विचारणाऱ्यालाच विचारा, हे कशाला हवंय, सांगितलंच पाहिजे का. मग फाईलमधले केमोचे कागद काढा, चौकशीच्या आधीचा आणि नंतरचा, औषधांची नावं जुळवा, फरक दिसला तर डॉक्टरांना सरळ कारण विचारा.