डोंगरधाव

डोंगरधाव : डोंगराळ मुलखातील पायवाटा, ढोरवाटा, सोंडा, धारा आणि खिंडी यांवरून पळण्याचा क्रीडाप्रकार. धावपटूंच्या बोलण्यात ‘ट्रेल’ हाच शब्द रूढ आहे. डांबरी वा काँक्रीटचा भाग एकूण अंतराच्या साधारण पाव हिश्श्याहून अधिक नसावा, असा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. ॲथलेटिक्सच्या जागतिक महासंघाने 2015 मध्ये हा प्रकार आपल्या कक्षेत घेतला. डोंगरी आणि ट्रेल धावण्याची एकत्रित जागतिक अजिंक्यपद स्पर्धा प्रथम 2022 मध्ये थायलंडमधील चियांग माई येथे झाली.

उगमाबद्दल एकमत नाही. स्कॉटलंडचा राजा तिसरा माल्कम (कारकीर्द 1058–93) याने चपळ निरोप्या निवडण्यासाठी ब्रीमारजवळच्या टेकडीवर शर्यत लावली, ही कथा पुष्कळ ठिकाणी आरंभबिंदू म्हणून दिली जाते. तिला समकालीन लेखी आधार नसल्याने ती परंपरा म्हणूनच घेणे बरे. नोंदींचा भक्कम आधार एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून मिळतो. बेन नेव्हिस शिखराची पहिली वेळ नोंदलेली धाव 1895 ची आहे. अतिदीर्घ अंतराच्या आधुनिक स्पर्धांचा उगम मात्र बहुधा अमेरिकेत मानतात. कॅलिफोर्नियातील 100 मैलांच्या घोडदौडीचा मार्ग गॉर्डी एन्स्ली याने 1974 मध्ये घोड्याविना, पायी पळून 24 तासांच्या आत पार केला. युरोपातील माँ ब्लाँ पर्वताभोवतीची सुमारे 170 किमी.ची स्पर्धा 2003 पासूनची आहे.

नाशिककडे या प्रकाराची मुळे शोधताना दोन गोष्टींकडे बोट दाखवले जाते. एक, मराठी राज्यातील जासूद व हरकारे, म्हणजे पायी निरोप पोचवणारे सेवक. दुसरी, त्र्यंबकेश्वरची ब्रह्मगिरी फेरी. जासुदाचे पळणे हे चाकरीचे पळणे होते. त्यात वेग असला तरी चढाओढ नव्हती. फेरीचा दावा अधिक विचारात घेण्याजोगा वाटतो. विठ्ठलपंत मुलाबाळांसह ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा करीत असता वाघ आडवा आला, धावपळीत निवृत्तिनाथ चुकले आणि गहिनीनाथांच्या गुहेत शिरले, अशी वारकरी परंपरेतील कथा आहे. निवृत्तिनाथांचे जन्मवर्ष शके 1190 की 1195 हा वाद बाजूला ठेवला, तरी कथेतील काळ तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात पडतो. प्रदक्षिणेची वाट त्याहून जुनी असावी, असे कथेच्या ओघावरून दिसते. आज श्रावणातील तिसऱ्या सोमवारी, कुशावर्तात स्नान करून, लहान (सुमारे 20 किमी.) वा मोठी (सुमारे 40 किमी.) फेरी घालतात. बरेच भाविक ती रात्रीच, भर पावसात आणि अनवाणी पुरी करतात. ही शर्यत नव्हे आणि तिला शर्यत म्हणणे भाविकांवर अन्याय ठरेल. तरीही डोंगराच्या पायथ्याने, चिखलातून, अंधारात लांब अंतर कापण्याचा लोकांच्या अंगवळणी पडलेला असा वारसा या प्रकाराला क्वचितच कुठे लाभला असेल.

वर्गीकरणाचा प्रश्न येथे विशेष जाणवतो. ‘स्कायरनिंग’ या उपप्रकाराची व्याख्या 2,000 मी.हून अधिक उंची आणि 30 टक्क्यांहून अधिक चढ अशी केली जाते. कळसूबाई (1,646 मी.) हे राज्यातील सर्वोच्च शिखर आणि बागलाणातील साल्हेर (1,567 मी.) हा सर्वांत उंच किल्ला, दोन्ही त्या रेषेखालीच राहतात. समुद्रसपाटीपासूनची उंची हा निकष विरळ हवेपुरता योग्य. पायांना लागतो तो चढ. म्हणून अंतराच्या किलोमीटरांत दर 100 मी. चढाईमागे 1 मिळवून श्रमांक काढण्याची आंतरराष्ट्रीय पद्धत सह्याद्रीला अधिक न्याय देते. 20 किमी. अंतर आणि एकूण 1,000 मी. चढाई असलेल्या मार्गाचा श्रमांक 30 येतो. एकाच डोंगराची तीनदा चढउतार केली, तर चढाईची बेरीजही तिप्पट होते. नाशिकचे धावपटू पांडवलेणी आणि चामरलेणीच्या डोंगरांवर करतात तो सराव याच तत्त्वाचा.

भूरचनेने धावण्याची लय ठरते. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर एकावर एक आडवे बसल्याने डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे झाले आहेत : खाली झाडीचा पदर (डोंगराच्या अंगावरची सपाटसर पट्टी), त्यावर कातळकडा, पुन्हा पदर, पुन्हा कडा, माथ्यावर पठार. टणक थराचा कडा उभा राहतो, सच्छिद्र थर झिजून उतार तयार होतो. परिणामी आल्प्समधल्यासारखी लांबलचक एकसलग चढण येथे कमी. पदरावर पळायचे, कड्याशी येताच हात टेकून चढायचे, असा खंडित वेग ठेवावा लागतो. दिवाळीनंतर माती सुकली की उतारांवर घसारा (सुटी, घसरती माती-खडी) सुटतो आणि उतरणे चढण्याहून जोखमीचे होते. हरिहर किल्ल्याच्या जवळजवळ उभ्या, खोबण्यांच्या कोरीव पायऱ्या पळण्याच्या मार्गात धरूच नयेत.

हंगाम ऑक्टोबर ते फेब्रुवारी. मार्चपासून काळा कातळ तापतो आणि कातळात कोरलेली पाण्याची बहुतेक टाकी आटू लागतात.

पेठ–हरसूल भागातील आदिवासी पाड्यांतून आलेल्या धावपटूंचा उल्लेख या संदर्भात नेहमी होतो. सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी 2010 च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत 10,000 मी. शर्यतीत कांस्यपदक मिळवले. हे पदक ट्रॅकवरचे असले, तरी डोंगरवाटांवरून डोक्यावर पाणी वाहत घडलेला त्यांचा दम हा या मुलखाचाच आहे.

अंजनेरीचे पठार राखीव संवर्धनक्षेत्र असून ‘सेरोपेजिया अंजनेरिका’ हे दुर्मीळ कंदीलपुष्प तेथे पावसाळ्यात फुलते. ते गवतात, बोटभर मातीच्या थरात वाढते. त्या दिवसांत माथ्यावर पळणाऱ्याने रुळलेली एकच वाट धरावी. वाट पाण्याने भरली असली, तर पाण्यातून जावे, कडेच्या गवतात पाय टाकू नये.