समान की वेगळी? स्त्रीवादातल्या एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

कायद्याने स्त्रीला पुरुषासारखंच वागवावं, की तिचं वेगळेपण ध्यानात घ्यावं? या वादात दोन्हीकडून भांडणाऱ्या स्त्रीवादीच आहेत.

मुलींचं शिक्षण पुरुषाला सुखावणारं, त्याच्या उपयोगी पडणारं असावं, असं फ्रेंच विचारवंत रूसोने १७६२ मध्ये मांडलं. इंग्लिश लेखिका मेरी वुलस्टनक्राफ्टने १७९२ मध्ये त्याचा समाचार घेतला: विवेकबुद्धी दोघांनाही सारखीच आहे, बायका उथळ वाटतात, कारण त्यांना तसंच वाढवलं जातं. समानतेचा पक्ष इथून बळ घेतो. मातृत्व हे स्त्रीचं कर्तव्यच, असं तीही मानायची, हे मात्र सोयीस्करपणे विसरलं जातं.

खरी फूट पडली ती कामाच्या तासांवरून. बेकरी कामगारांसाठी न्यूयॉर्कने घातलेली दिवसाला दहा तासांची मर्यादा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९०५ मध्ये रद्द केली. १९०८ मध्ये त्याच न्यायालयाने ओरेगॉनमधल्या लाँड्री आणि कारखान्यांतल्या स्त्रियांसाठीची तशीच मर्यादा उचलून धरली. कारण काय, तर स्त्रीचं शरीर आणि तिचं मातृत्व. संरक्षण मिळालं, पण दुबळेपणाचा शिक्का मारून. त्यामुळे १९२३ मध्ये स्त्रियांच्या मताधिकारासाठी लढलेली अ‍ॅलिस पॉल समान हक्कांची घटनादुरुस्ती घेऊन उभी राहिली, तेव्हा तिच्या विरोधात कामगारांसाठी लढणारी फ्लोरेन्स केली उभी होती. असे संरक्षक कायदे मिळवण्यात केलीचं आयुष्य गेलं होतं, आणि कागदावरच्या समानतेपायी ते कायदे घालवायला ती तयार नव्हती. मला दोघींचंही पटतं. पंचाईत तिथेच आहे.

पुरुष म्हणजेच माणूस आणि स्त्री ही त्याच्या तुलनेत ‘इतर’, हे फ्रेंच तत्त्वज्ञ सिमोन द बोव्हारने १९४९ मध्ये दाखवलं. १९८२ मध्ये अमेरिकी मानसशास्त्रज्ञ कॅरल गिलिगनने नैतिक विकासाच्या प्रचलित सिद्धांतावर बोट ठेवलं: त्याचा मूळ अभ्यास फक्त मुलग्यांवर झाला होता. काळजी आणि नाती यांतून नैतिक विचार करणं कमी दर्जाचं नाही, असं तिचं म्हणणं. कायद्याची अभ्यासक कॅथरीन मॅकिननला हे मान्य नव्हतं. तिच्या मते समान म्हणा किंवा वेगळी, मोजपट्टी पुरुषाचीच. विचारायचं ते सत्ता कोणाकडे आहे हे.

आणि ‘स्त्री’ म्हणजे तरी कोण? कायद्याचीच अभ्यासक किंबर्ले क्रेनशॉने १९८९ मध्ये जनरल मोटर्सविरुद्धचा एक खटला पुढे ठेवला. कपातीत नोकरी गेलेल्या कृष्णवर्णीय स्त्रिया न्यायालयात गेल्या होत्या. कंपनीने स्त्रियांना नोकऱ्या दिल्या होत्या, पण त्या गोऱ्या. वंश आणि लिंग एकत्र धरून केलेला त्यांचा दावा न्यायालयाने मानलाच नाही.